काठ न घातलेली टोपली

डाकारच्या गोल बाजारात त्या दिवशी मी गेले ती अगदी साध्या कामाला. सुकी मासळी घ्यायची, सरबताला लाल अंबाडीची बोंडं घ्यायची, आणि नातीला निजवायला एक टोपली. नात माझ्या पाठीवर फडक्यात बांधलेली होती.

तिचं नाव बुगुमा. म्हणजे 'नको मला'. असलं नाव कुणी हौसेनं ठेवतं का गं? माझ्या लेकीची आधीची दोन लेकरं रांगायच्या आतच गेली होती. मग ही झाली तेव्हा आमच्यात करतात ते केलं. पोर उकिरड्यावर ठेवली. ठरल्याप्रमाणे माझी मैत्रीण पेंदा तिकडून आली, "अगंबाई, हे कुणी टाकलं?" म्हणाली आणि उचलून घेऊन गेली. मग आम्ही तिच्या दारात जाऊन पोर सांभाळायला मागून आणली. मरणाला वाटावं, ही इथं कुणालाच नको आहे, हिला नेऊन कुणाला दुखणार! पण एक ध्यानात ठेव. अशी पोर उचलणारीची होते. आई काय, आजी काय, नुसत्या सांभाळणाऱ्या.

पेंदा बाजाराच्या बाहेरच्या अंगाला गवताच्या टोपल्या विणायची. ती जोप कुळातली, मी न्जाय. ही दोन कुळं भेटली आणि टोमणे झाले नाहीत, असं होतच नाही.

"आली का खादाड न्जाय!" लांबूनच ओरडली ती. "तुम्हाला भाताचं ताट दिसलं की पाहुणा दिसत नाही."

"जोपांनी आमची भांडी घासावीत," मी म्हटलं, "तोंड कशाला चालवावं?"

हसत हसत तिनं मला बसायला पाट सरकवला. तिच्या मांडीवर टोपली होतीच, बुगुमासाठीच विणायला घेतलेली. गवताच्या जुडीवर पट्टी गुंडाळायची, आरीनं भोक पाडायचं, पट्टी ओवायची, ओढायची. वेटोळ्यावर वेटोळं. बघता बघता डोळे जड होतात.

ऐन दुपारी त्या बाजाराला गुंगी येते. मासळीवाल्या फळ्यांवरच कलंडतात. बर्फाचं पाणी थेंब थेंब गळत राहतं. छपरावरच्या घारीसुद्धा गप्प होतात. आंबे, सुकी मासळी, उन्हात तापलेलं चामडं, सगळ्यांचा मिळून एकच वास होतो आणि तो अंगावर पांघरुणासारखा येतो. मला पेंग आली असावी. आरीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. खस्... खस्...

मग वास बदलला. नुकत्याच खणलेल्या विहिरीतल्या ओल्या वाळूचा वास.

डोळे उघडले तर समोर एक बाई उभी. गर्द निळं लुगडं, काठाला ओलं. तिच्याही पाठीवर लेकराचं फडकं बांधलेलं होतं, गाठ मारून, नीट. आत कुणीच नव्हतं. तरी तिचा हात मागे जाऊन हलके हलके थोपटत होता.

"पोर छान आहे," ती म्हणाली.

असल्या पोरीला छान म्हणत नाहीत. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेंदानं मान वर न करताच ठरलेलं उत्तर दिलं, "छान कसली! माकडाचं तोंड मेलीचं. कुणाला हवीय? हवी तर ने बाई, ने."

हे आम्ही येणाऱ्या प्रत्येकीला म्हणत असू. समोरचीनं हसून म्हणायचं असतं, "तुमचा कचरा तुम्हालाच असू दे." झालं, विषय संपला.

ती बाई हसली नाही.

"नेते," म्हणाली. आणि पाठीवरची गाठ सोडायला लागली.

त्याच वेळी माझी पाठ हलकी झाली. काय सांगू तुला... माझ्या फडक्याची गाठ घट्ट होती. पोरीचा गाल माझ्या खांद्याला लागलेला होता, गरम. आणि वजन नव्हतं. रिकामं फडकं बांधावं तसं.

मी पेंदाकडे पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा झालेला. 'नको, ही आम्हाला हवी आहे' म्हणावं, तर आजवरची सगळी लपवाछपवी उघडी पडणार. गप्प राहावं, तर शब्द दिलेला. आणि तो तिनं दिलेला, जिची पोर होती तिनं.

"ने," पेंदा हळूच म्हणाली. "पण... उघडी कशी नेशील? ही टोपली तिचीच आहे. काठ घातला की ने."

बाई कितीतरी वेळ टोपलीकडे बघत राहिली. वरच्या वेटोळ्याचं टोक अजून मोकळंच होतं.

"काठ घातला... की?"

"काठ घातला की."

तिनं गाठ पुन्हा बांधली. माझ्या पाठीवर एकदम ओझं आलं, बुगुमानं टाहो फोडला, मासळीवाल्या दचकून उठल्या. समोर कुणी नव्हतं. फरशीवर ओल्या वाळूची रेघ, आणि तीही बघता बघता सुकली.

पेंदानं आरी बाजूला ठेवली. ती टोपली तिनं पुन्हा मांडीवर घेतली नाही. टोक मोकळं ठेवूनच दुकानात वर टांगली. गिऱ्हाइकं हसायची, "म्हातारे, काठ घालायचा विसरलीस!" ती म्हणायची, "विसरले. विसरू दे." पुढं थकली तेव्हा माझ्या घरी आणून दिली. "तू आता राख," म्हणाली. बिचारी गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली.

बुगुमा वाढली. माझ्यापेक्षा उंच झाली. बंदराजवळ मासळी-भाताची खाणावळ चालवते, भांडायला तर जोपांच्याही वरचढ. टोपली माझ्या खाटेच्या वर टांगलेली आहे. पूर्वी काठाच्या त्या मोकळ्या जागेत माझा पंजा आरामात बसायचा. मग तीन बोटं मावू लागली. आता करंगळीसुद्धा जात नाही. तिथं विणलेलं नवं गवत ओलं असतं, हिरवं. एकदा मी ते उसवलं. दुसऱ्या दिवशी दुपार टळली तर परत तसंच.

पोरीला सांगितलं की हसते. "आजी, तुझे डोळे गेले."

गेले असतील. पण काल ती मला भात वाढत होती, तेव्हा तिच्या बोटांवर बारीक बारीक काप दिसले. विणणारणीच्या बोटांना गवत कापतं, तसे.

"कशानं गं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक... दुपारी जरा डोळा लागतो ना, उठले की असतात."

तिला विणता येत नाही. पेंदानं जिवंत असेपर्यंत तिला आरीला हात लावू दिला नव्हता.