ताणून धरलेली तार

व्यंकोबा वायरमनच्या मते तारेचा जोड हे दोघांचं काम. एकानं टोकं ताणून धरायची, दुसऱ्यानं पीळ देऊन रबरी पट्टी गुंडाळायची, तिच्यावर काळी पट्टी आणि शेवटी मेणाचा हात, म्हणजे पावसाला आत शिरायला जागा नाही. बोटं आखडली की अदलाबदल. त्याचा जोडीदार होता सुंदरेश, धाकट्या बहिणीचा, सरोजाचा नवरा. गेल्या वर्षी आडुतुरैच्या एका लग्नमांडवात ओल्या जोडाला चिकटून तो गेला.

यंदा कुंभकोणात तेप्पोत्सव ठरला. देवाचा तराफा तळ्यात फिरणार, भोवती दिव्यांच्या माळा, आणि कलेक्टरसाहेब बघायला येणार. दुसरा जोडीदार काही मिळेना.

"अण्णा, मला आतां तूंच," सरोजानं विनवलं. "एकटा नको रे जाऊं."

"फ्यूज काढून कनवटीला लावतों. मेलेली तार काय करील?"

तो गेला. तिला घरी राहवेना, जेवणाचा डबा घेऊन तीही काठावर येऊन बसली.

तिन्हीसांजेला भुरभुर सुरू झाली. पायरीवर वाकून व्यंकोबा घाईनं जोड देत होता. हाताची सवय तोंडालाही असते.

"जरा ताण," तो मान वर न करता म्हणाला.

तार ताणली गेली. पीळ, पट्टी, मेण. पुढचा जोड. "ताण." पुन्हा ताणली गेली. काम असं सरसर उरकत होतं की त्याला चक्क बरं वाटलं.

मग तार सैल पडली. पाण्यावरून, अगदी दबक्या आवाजात कुणी म्हणालं, "व्यंकोबा... आतां तूं धर. मी गुंडाळतों..."

आवाज ओळखीचा होता. तार टाकून व्यंकोबा धडपडत सरोजाजवळ आला.

"झालं कां, अण्णा?"

"राहिलंय..."

तेवढ्यात तळं उजळलं. काठावर जयघोष झाला. व्यंकोबानं कनवट चाचपली. फ्यूज तिथंच होता. माळ पार शेवटच्या खांबापर्यंत पेटली होती. मध्ये एकच जोड उघडा होता. दोन टोकं हातभर अंतर ठेवून पाण्यावर अधांतरी ताणलेली, आणि पलीकडचे दिवेही जळत होते.

"अण्णा," सरोजा नवऱ्याचं नाव न घेता हळूच म्हणाली, "तेनी मला बोलावतात... धर म्हणून..."

त्यानं तिचा हात घट्ट पकडला. ती जागची हललीही नव्हती. पण तिचा दुसरा हात तळ्याच्या दिशेनं सरळ ताणलेला होता, आणि त्या मनगटावरच्या कातडीत न दिसणारी बोटं रुतत चालली होती.