डेऱ्याचा मागला खांब

तुंगभद्रेच्या उत्तर तीरावर उजाडू लागले तेव्हा सोमदुर्गाचे काळे बुरूज धुक्यातून एकेक करून वर येत होते, आणि त्यांच्या पायथ्याच्या माळावर, पहाटेच्या अवकाळी पावसाने चिंब झालेली सरदार सुभानराव काटकरांची छावणी थंडीने काकडत, उपाशीपोटी, चुली पेटवण्याचीही उमेद न उरल्यासारखी पडून होती. धान्य संपले होते. घोड्यांपुढे टाकायला झाडांचा पालाही शिल्लक नव्हता. पाठीशी नदीला पाणी चढत होते, आणि नवाबाची कुमक एका मजलेवर येऊन ठेपल्याची खबर जासुदांनी आणली होती. आज किल्ला हाती आला तर त्याच्या तटाआड ही फौज जगणार होती. न आला तर किल्ला, नदी आणि नवाब या तिघांच्या कचाट्यात ती चिरडली जाणार, हे शिलेदारापासून घोडे राखणाऱ्या मोतद्दारापर्यंत सर्वांना कळून चुकले होते.

तरी फौज पळाली नव्हती. छावणीच्या मध्यभागी सुभानरावांचा दोन खांबांचा लाल डेरा उभा होता आणि त्यावर निशाण फडकत होते. डेरा उभा आहे तोवर धनी जागेवर आहे, एवढ्याच विश्वासावर माणसे दात आवळून थांबली होती. सरकारांनी किल्ला येईपर्यंत मौन धरले आहे, अनुष्ठान चालू आहे, असे कारभारी आबाजी विश्वनाथांनी जाहीर केले होते. खरे काय ते वैद्यांखेरीज तिघांनाच ठाऊक होते. डेऱ्याच्या मागल्या दालनात, जाड पडद्याआड, सुभानराव कुशीत लागलेल्या बाणाने मरणाच्या दारात पडले होते. वैद्यांनी आशा सोडली होती, आणि त्यांच्या तोंडून बाहेर काही फुटू नये म्हणून त्यांना देवपूजेच्या राहुटीत बसवून ठेवले होते.

जाणणाऱ्या तिघांत आबाजीपंत एक, सुभानरावांच्या पत्नी अंबिकाबाईसाहेब दुसऱ्या, आणि तिसरा धोंडजी खराडे. धोंडजी हा फरासखान्याचा दारोगा. छावणीतले डेरे, राहुट्या, कनाती, खांब, दोर, मेखा सगळे त्याच्या हुकमात. तरुणपणी सुभानरावांबरोबर तो घोड्यावर लढला होता, पुढे मांडीला भाला लागून स्वारी सुटली तेव्हा सुभानरावांनीच त्याला हे काम देऊन आपल्याजवळ ठेवून घेतले होते.

धोंडजी पहाटेच डेऱ्याभोवती फिरला आणि मागल्या बाजूला येताच वाकून तणावे चाचपू लागला. भिजला की अंबाडीचा दोर आखडतो, आखडला की खांबाला दोन्हीकडून ओढतो आणि खांब मधोमध मोडतो. म्हणून आभाळ भरून आले की सगळे तणावे सैल करायचे, हा त्याचा कायमचा रिवाज होता. काल सांजवेळी त्याने स्वतःच्या हातांनी मागले तणावे सैल केले होते. आता ते वीणेच्या तारांसारखे ताठ होते, आणि मेखांवर पडलेल्या गाठी त्याच्या नव्हत्या. त्याने धडपडत दोर सैल केले खरे, पण आत शिरला तेव्हा उशीर झाला होता. मागला सागवानी खांब, दोन तुकडे जोडणाऱ्या लोखंडी सामीच्या जरा वर, छातीच्या उंचीला उभा चिरला होता. वाऱ्याचा झोत आला की तो डावीकडे वाके, आणि चिरेतून करकर आवाज येई.

अंबिकाबाई पलंगाशी बसल्या होत्या. त्यांनी खांबाकडे पाहिले, मग धोंडजीकडे.

"टिकेल का?"

"असाच राहिला तर दुपार बघणार नाही, बाईसाहेब. कोणी तरी जाणूनबुजून दोर आवळले आहेत."

"सटवाजीराव." बाईंनी नाव घेतले ते पुटपुटल्यासारखे. सटवाजीराव हा सुभानरावांचा चुलतभाऊ. मौनाची गोष्ट त्याला कधीच पटली नव्हती, आणि नवाबाकडून वतनाचे वचन घेऊन फौज उठवून न्यायची त्याची खटपट चालली असल्याचा बाईंना संशय होता. डेरा कोसळला, मरणोन्मुख धनी सगळ्यांच्या नजरेस पडला, की त्याचे काम आपोआप होणार होते.

"डेरा उतरवून दुसरा उभारता येईल?"

"उतरवला की सारी छावणी घोड्यांवर खोगिरे चढवील. टेकू द्यायला वासा आणला तरी लोक विचारतील, सरकारांच्या डेऱ्याला टेकू कशाला. माझी माणसं आत घेतली तर वार्ता लपणार नाही."

"किल्लेदाराचा वकील सकाळीच किल्ल्या घेऊन उतरणार आहे, धोंडजी. सुभानराव आज हल्ला करणार या धास्तीने तो येतो आहे. त्याच्यासमोर डेरा उभा पाहिजे."

धोंडजीने दालनात नजर फिरवली. पलंगाच्या उशाशी सुभानरावांचे दोन भाले टेकवलेले होते, कसदार भरीव वेळूच्या दांड्यांचे. त्याने बाईंकडे पाहिले. बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्याने दांडे कापले, उभे चिरले आणि त्या कांबी खांबाच्या चिरेभोवती चारी बाजूंनी बसवल्या. फाटलेला नगारा मढवण्यासाठी बाहेर एका घंगाळात कच्चे कातडे भिजत घातले होते. ते घंगाळ त्याने पांघरुणाखाली झाकून आणले, कातड्याच्या लांब वाद्या काढल्या आणि पाय खांबाला रोवून, दातांनी ओढून, कांबींवर वेढ्यावर वेढा दिला. सुकले की हे कातडे लोखंडासारखे आवळणार होते. पण सुकायला वेळ हवा होता, आणि ओल्या वाद्या वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर सरकत होत्या.

बाहेर शिंग वाजले. वकील आला होता.

धोंडजीने डावा खांदा खांबाच्या वाकलेल्या अंगाला लावला, दोन्ही हातांनी कांबी आवळल्या आणि पाय रोवले. "बाईसाहेब, आपण जा. कातडं सुकेपर्यंत मी आहे."

अंबिकाबाईंनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला, पदर सावरला आणि त्या पडदा सारून पुढल्या दालनात गेल्या.

पुढे काय चालले होते ते धोंडजीला फक्त ऐकू येत होते. वकील बसप्पा नायक, वयस्क आणि सावध माणूस, मुजरे, क्षेमकुशल, किल्लेदाराचा सलाम असे रीतसर बोलत होता. आबाजीपंत तितक्याच संथपणे उत्तरे देत होते. किल्ल्यातल्या बायकामुलांना वाट मिळेल, शिबंदीला हत्यारांसह जाता येईल, अशी कलमे ठरत होती. वारा वाढला होता. छताचे कापड फुगे, मग सगळा भार एकदम खांबावर येई, आणि धोंडजीच्या खांद्यातून हाडापर्यंत कळ जाई. जुन्या जखमेचा पाय थरथरू लागला होता.

तशात पलंगावर हालचाल झाली. सुभानरावांनी डोळे उघडले होते. नजर स्वच्छ होती, आणि तेच धोंडजीला भयंकर वाटले.

"पाणी," ते म्हणाले.

तांब्या पलंगाच्या पायथ्याशी होता. धोंडजीने हात लांबवला असता तर बोटे जेमतेम त्याच्या काठाला लागली असती, पण हात काढताच वाद्या सरकल्या, खांब करकरला, आणि त्याला पुन्हा सगळे अंग त्यावर टाकावे लागले. धन्याला काही सांगावे तर पडद्यापलीकडे शत्रूचा वकील बसलेला. त्याने नुसतीच नकारार्थी मान हलवली.

"पाणी, बाई..." सुभानराव जरा मोठ्याने म्हणाले.

पलीकडे त्याच क्षणी अंबिकाबाईंचा आवाज चढला; किल्ल्यातल्या दारूगोळ्याबद्दल त्या वकिलाला काही ठणकावून विचारत होत्या. धोंडजीने मनोमन देवाचे आभार मानले. सुभानरावांची नजर तांब्याकडे गेली, तिथून खांबाकडे, तिथून धोंडजीच्या खांद्याकडे. त्यांना कळले की नाही, हे धोंडजीला पुढे कधीच ठरवता आले नाही. थोड्या वेळाने छाती हलायची थांबली. तो तसाच उभा राहिला, आणि डोळ्यांतले पाणी पुसायलाही त्याला हात नव्हता.

मागल्या कनातीच्या शिवणीत कट्यारीचे टोक शिरले ते त्याने पाहिले. कापड फाटले आणि सटवाजीराव आत आला. त्याने पलंग पाहिला, वाकून भावाच्या नाकाशी बोट धरले आणि तो सरळ झाला. चेहऱ्यावर दुःख नव्हते असे नाही. पण सुटकाही होती.

"हे मौन होय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी फौजेला सांगतो. वेळ आहे तोवर निघू द्या सगळ्यांना. तुम्हीही निघा, धोंडजी."

"रावसाहेब, पाऊल टाकलंत तर मी खांदा काढतो."

"मग काढा. डेरा पडावा हीच तर माझी इच्छा."

"डेरा आपल्यावरही पडेल. कापड ओढून लोक बघतील तर सरकार मेलेले, शेजारी आपण, हातात नागवी कट्यार आणि मागली कनात फाडलेली. बाहेर सरकारांचे भालाईत उभे आहेत. बाण त्यांनी पाहिला नाही, रावसाहेब. ते आपली कट्यार बघतील."

सटवाजीरावाने हातातल्या कट्यारीकडे पाहिले. त्याने ती म्यान केली आणि फाटलेल्या कनातीकडे वळला, तेवढ्यात खांब पुन्हा करकरला आणि पलीकडून वकिलाचा आवाज आला.

"बाईसाहेब, सरकारांचे मौन आम्ही मोडू इच्छीत नाही. परंतु किल्ल्या मी कोणाच्या शब्दावर ठेवतो ते माझ्या धन्याला सांगावे लागेल. सरकारांनी आतून, आपल्या हाताने, अभयाचा विडा द्यावा. तेवढे पुरे आहे."

आबाजीपंत काही बोलू लागले आणि अडखळले.

धोंडजीने सटवाजीरावाकडे पाहिले. त्याच्या आवाजात आता धमकी नव्हती. "बाहेर उभी आहेत ती आपल्याच गावची पोरं आहेत, रावसाहेब. नवाब त्यांना वाट देणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. खांदा द्या."

सटवाजीराव हलला नाही. मग वाऱ्याचा मोठा झोत आला, छत फुगले, धोंडजीचा जखमी पाय गुडघ्यात मुडपला, आणि खांब त्याच्या अंगावरून कलू लागला. सटवाजीराव पुढे झाला. त्याने दोन्ही हातांनी खांब पेलला, छाती त्याला टेकवली आणि दात आवळून उभा राहिला.

धोंडजीने हात सोडले. हा माणूस आता क्षणभर जरी बाजूला झाला तर सगळे संपणार होते, हे जाणूनच त्याने त्याच्याकडे पाठ केली. तो पलंगापाशी गेला, सुभानरावांच्या मनगटातले सोन्याचे कडे काढून स्वतःच्या मनगटात चढवले, धन्याचा जरीचा शेला हातावर गुंडाळला, तबकातला विडा उचलला आणि पडद्याच्या फटीतून हात बाहेर काढला.

तो विडा अंबिकाबाईंनी घेतला. लग्नाच्या दिवसापासून ते कडे त्यांच्या नवऱ्याच्या हातातून उतरले नव्हते, आणि आता ते एका काळ्या, राठ, दोरांनी घट्टे पडलेल्या हातात होते. धोंडजीला त्यांची बोटे लागली.

"सरकारांचे अभय आहे, नायक," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात तसूभरही फरक नव्हता. "विडा घ्या."

किल्ल्यांचा जुडगा तबकात पडल्याचा आवाज झाला.

वकील गेल्यावर अंबिकाबाई पडदा सारून आत आल्या तेव्हा दोघेही पुरुष खांबाला लागून उभे होते. त्यांनी आधी पलंगाकडे पाहिले, मग दिराकडे, मग फाटलेल्या कनातीकडे. त्यांना सगळे उमगले.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "किल्ल्यावर आपले निशाण चढेपर्यंत असेच उभे राहा."

सटवाजीराव उभा राहिला. उन्हे वर आली, कातडे सुकून करकचून आवळले, खांब आपल्या बळावर थांबला, तरी त्याला हात काढायचे धाडस झाले नाही. वरच्या बुरुजावर निशाण दिसले आणि फौज जयजयकार करीत दरवाजातून आत शिरली, तेव्हा कुठे तो खाली बसला.

सुभानरावांच्या मृत्यूची बातमी छावणी तटाआड गेल्यावर जाहीर झाली. नवाबाची कुमक आली, तोफांच्या टप्प्याबाहेर मुक्काम करून राहिली आणि वाट पाहून परतली. सटवाजीरावाने डेरा पेलून धरला अशी वार्ता फौजेत पसरली होती, आणि घरात फूट पडू नये म्हणून बाईंनी ती खोडली नाही. माणसे त्याला मुजरे करीत. तो मान खाली घालून निघून जाई, आणि पुढच्या मोहिमेत नदीच्या उतारावर पिछाडी सांभाळताना तो मारला गेला. धोंडजीचा डावा खांदा मात्र पुन्हा कधी वर आला नाही.

सुभानरावांना नदीकाठी अग्नी दिला त्या सायंकाळी, मंडळी पांगल्यावर, अंबिकाबाई चितेपासून जरा अंतरावर थांबल्या होत्या. धोंडजी मागे उभा होता.

"धोंडजी, शेवटी त्यांना शुद्ध होती?"

"होती, बाईसाहेब." तो थांबला. हे लपवून ठेवायचे असे त्याने दिवसभर ठरवले होते, पण त्या समोर असताना त्याला ते जमले नाही. "पाणी मागितलं त्यांनी. मला देता आलं नाही. हात मोकळे नव्हते."

नदीवरचा वारा चितेच्या ठिणग्या पाण्याकडे नेत होता.

"दोनदा मागितलं," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं होतं. म्हणून मी मोठ्याने बोलू लागले."