लाभ धरून बारा

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? मोजणाऱ्याच्या तोंडावर की लिहिणाऱ्याच्या हातावर? चहा येतोय, तोवर केवलरामचं ऐका.

भिलाईत पोलादाच्या पहिल्या भट्ट्या पेटल्या, तेव्हाची गोष्ट. केवलराम तिथल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर माल मोजून लिहिणारा मुनशी होता. सिरोंच्याकडे गोदावरीकाठी कलकत्त्याच्या साहेबांनी जमिनीतून एक जनावर काढलं होतं. लांब मानेचं, झाडपाला खाणारं, माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचं. हाडांचा पार दगड झालेला. ती ट्रकने आली. कलकत्त्याला जायला वॅगन मिळेपर्यंत शेडमध्ये ठेवायची होती. मानेचे मणके बारा, प्रत्येक गोणपाटात गुंडाळलेला.

हमाल धोंडबा भंडाऱ्याकडचा. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तसाच तो ओझं टाकताना ओरडायचा, "लाभ... दोन... तीन..." केवलरामही त्याच मातीतला, पण नव्या नोकरीची ऐट. आकडा कानावर आला की रेघ मारायची. लाभ काही आकडा नव्हे. धोंडबा बारावर थांबला तेव्हा कागदावर रेघा अकरा.

ट्रकबरोबर आलेले साहेब तापले. केवलराम म्हणाला, "यानंच गिट्टीत फेकला असंन."

पलीकडे कारखान्यासाठी फोडलेल्या गिट्टीचे डोंगर होते.

"मी कावून फेकीन, मुनशीजी? पुन्हा मोजा ना."

"तू मले मोजणं शिकवून राहिला का?"

चोर ठरलेला धोंडबा भर दुपारी मणका शोधायला ढिगावर चढला. ढीग घसरला. बाहेर काढला तेव्हा त्याची मान मोडलेली होती.

मग केवलरामने शेडमध्ये जाऊन हात लावून मोजलं. बारा. साहेबांना म्हणाला, सापडला. आपलीच एक रेघ राहिली होती, हे दाबून टाकलं.

धोंडबाची बायको चंपा आली. "पैसे नाई मांगत, दादा. माहा मानूस चोर नव्हता, येवढं लिहून द्या."

"पाहू."

दोन दिवसांनी वॅगन लागली. दुपारचे तीन. वर पत्रा तडतडत होता, आणि आत ओल्या, चघळलेल्या पाल्याचा वास. केवलरामने पेन्सिल टेकवली. तेवढ्यात शेडच्या आतून, पार आढ्याच्या उंचीवरून, कोणीतरी हळूच म्हणालं, "लाभ..."

"भाऊराव... तू बोलला का?"

"नाई जी," नवा हमाल म्हणाला. "मी तं अजून उचललाच नाई."

भाऊराव एकेक नेत गेला, केवलराम डोळ्यांनी पाहून रेघ मारत गेला. रेघा झाल्या तेरा. जास्तीच्या मालाची तक्रार कोण करतं? केवलरामने वॅगनला सील ठोकलं.

महिन्याने साहेबांचं पत्र आलं. 'मानेचा सर्वांत पहिला मणका मिळाला. आमच्या खोदकामात तो नव्हता. त्यावर ताज्या फोडलेल्या गिट्टीची भुकटी चिकटली आहे. कुठे सापडला ते कळवावे. डोकेही असल्यास पाठवावे.'

केवलरामने उत्तर धाडलं नाही. चंपालाही तिचा कागद दिला नाही, ती दर सोमवारी धक्क्यावर येऊन बसायची तरी. तुम्ही मात्र, शेठ, कधी मोजदाद लिहायला बसलात, तर लाभाचीही रेघ मारत जा.