डावीकडचा जास्तीचा पाटा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाहीतर पुढे सरका. आणि खाली "रात्री किती वाजता झालं?" असं विचारू नका, कारण यात रात्र नाहीच. झालं ते गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी, दुपारी सव्वाचारला, लख्ख उन्हात, माझ्या ताईच्या दारात.

मला काहीच दिसलेलं नाही. दिसलं असतं तर निदान भांडायचं कुणाशी ते तरी कळलं असतं.

ताई माझी मोठी बहीण. टेकडीवर, दगडी रस्त्याच्या टोकाला एकटी राहते. तिच्या किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. टॅक्सीवाले वर यायला तयार नाहीत आणि ताई खाली माझ्याकडे राहायला तयार नाही. राहिली माझी जुनी पिकअप. तिचं पोट इतकं खाली की दर फेरीला दगडावर घासायचं. एकदा ऑइलचा चेंबरच फुटला. ताईची त्या दिवसाची डायलिसिसची पाळी चुकली आणि दोन दिवसांत तिचे पाय सुजून चपलेत मावेनात.

तेव्हाच ठरवलं, गाडी उचलून घ्यायची. नवं सामान परवडणारं नव्हतं. भंगारवाल्याकडे माझ्याच मॉडेलची एक पिकअप उभी होती. तिचे मागचे पाटे जाड होते, चांगली कमान धरून होते. पाटे म्हणजे चाकांवर एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर सगळी गाडी तोललेली असते.

उजवीकडे सहा पाटे होते. डावीकडे सात.

मीच शहाणपणा केला. भंगारवाल्याला म्हटलं, तो जास्तीचा काढून टाक, जोडी सारखी कर.

"अपघातातली गाडी आहे का?" मी विचारलं.

"नाही. चालू गाडी होती. मालक स्वतः चालवत घेऊन आला, किल्ली दिली आणि पायी परत गेला."

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वस्तात सामान मिळाल्याच्या आनंदात होतो.

मिस्त्रीने एका दिवसात पाटे चढवले. गाडी वीतभर उंच झाली. मी लांब जाऊन बघितलं आणि...

डावी बाजू मागून खाली होती. बरोबर दोन बोटं.

मिस्त्री म्हणाला जमीन उतरती असेल. गाडी फिरवून उभी केली. डावीच खाली. मग टायर बदलले, डावे-उजवे पाटे आपापसांत बदलले, बोल्ट सगळे खोलून पुन्हा आवळले. पुढचा अख्खा दिवस त्यात गेला. गाडी तिरकी ती तिरकीच. मिस्त्री माझ्यावर खेकसायचा, मी त्याच्यावर. ताईची पाळी जवळ आली होती आणि माझं डोकं पार फिरलं होतं.

शेवटी वैतागून मिस्त्री मागच्या उघड्या हौद्यात चढला आणि उजव्या कोपऱ्यात बसला.

गाडी सपाट झाली.

तो उतरला. पुन्हा डावी खाली. परत चढून बसला. परत सपाट.

"भाऊ," तो हसत म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात माझ्याच वजनाचं कोणीतरी बसलंय बघा."

त्यानंतर त्याने माझ्या गाडीला हात लावला नाही, चहाचं निमित्त काढून बाहेरच उभा राहिला.

तशाच तिरक्या गाडीतून मी ताईला न्यायला गेलो. ती पुढे माझ्या शेजारी बसली. थोडं खाली उतरलो असू... ताईने मान वळवून मागच्या काचेतून बघितलं.

"मागे कोणाला घेतलंयस रे?"

मागे कोणी नव्हतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, मला कोणीतरी खोकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी थेट भंगारवाल्याकडे गेलो. तो सातवा पाटा जिथे टाकला होता तिथेच पडला होता. मी तोंड उघडायच्या आत त्याने तो उचलून माझ्या हातात दिला. मिस्त्रीच्या खूप विनवण्या करून पाटा डावीकडे बसवून घेतला.

गाडी सपाट. एक रेघसुद्धा इकडे-तिकडे नाही.

आधीच्या मालकानेही हेच केलं असणार. मागच्याला उतरवता येईना, म्हणून त्याचं वजन धरून गाडी बांधली. मीही तेच केलं. दुसरं काय करणार? ताईचा दवाखाना महत्त्वाचा होता. बसलाय तर बसू दे, असं मनाशी म्हणून मी चार महिने गाडी चालवली. या चार महिन्यांत ताईची एकही पाळी चुकली नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे.

पण आमच्या ताईची एक खोड आहे. दारात आलेल्या माणसाला ती आत बोलावल्याशिवाय राहत नाही. मीटर बघायला आलेला माणूसही तिच्याकडे चहा पिऊन जातो. एका मंगळवारी गाडीतून उतरताना तिने हौद्याच्या मागच्या फाळक्यावर हात ठेवला आणि थट्टेत म्हणाली, "रोज बाहेरच बसता. एकदा आत या की, चहा घेऊ."

मी भडकलो. असलं काही बोलू नकोस म्हणालो. ती हसली. बिचारा कुणाला त्रास देत नाही, म्हणाली.

पुढची फेरी गुरुवारची.

दवाखान्यातून निघताना मी सवयीने चाक आणि हौद्यामधलं अंतर बोटांनी मोजलं होतं. गाडी सपाट होती. वाटेत कुठेही थांबलो नाही. ताईच्या दाराजवळ आलो, आणि...

धप. धप.

डोक्यावर, केबिनच्या टपावर. मागे बसलेला माणूस उतरायचं असलं की हाताने दोनदा मारतो, तसं.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पाटे कुरकुरले... आणि गाडी मागून किंचित वर आली.

ताई तिच्या बाजूने उतरली आणि दार उघडं ठेवून आत गेली. मी खाली उतरून मागे गेलो. हौदा रिकामाच होता, नेहमी असतो तसा.

डावी बाजू दोन बोटं वर होती.

त्या दिवसापासून तो गाडीत नाही.

मी ताईला माझ्याकडे चल म्हणून हात जोडले. ती नाही म्हणाली. पुढच्या पाळीला न्यायला गेलो तर स्वयंपाकघरात दोन कप धुऊन उपडे घातलेले. ताईला दिवसाला मोजून पाणी प्यायचं असतं, चहा तर डॉक्टरांनी कधीच बंद केलाय. ती गाडीत बसेना.

"घरात माणूस असताना त्याला एकटं टाकून कशी येऊ?"

तिच्याशी भांडलो, चिडलो, शेवटी रडलो. त्या दिवशी कशीबशी आली. गेल्या आठवड्यात दोन पाळ्या चुकल्या. पाय पुन्हा सुजलेत. डॉक्टर मला ओरडतात, जसं काही मीच नेत नाही.

मिस्त्री म्हणतो तो सातवा पाटा काढून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे, तिरकी गाडी बरी दिसत नाही. मी काढू देत नाही. ती जागा त्याची आहे.

रोज दुपारी मी ताईच्या दारात गाडी लावतो, मागचा फाळका उघडतो आणि उन्हात उभा राहतो. शेजारपाजारी कोणी नाही ते बरं आहे. रिकाम्या अंगणाकडे बघून म्हणतो, "चला, निघायचं ना?"

मग वाकून चाकावरचं अंतर मोजतो.

आजही मोजलं. डावी बाजू दोन बोटं वरच आहे.