अभ्रकाच्या चांदण्या

खऱ्याचाच शेवटी विजय होतो, असं तेजलच्या शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेलं आहे. ज्याने ते रंगवलं, त्याला स्वराजसारखा मावसभाऊ नसणार.

स्वराज तेरा वर्षांचा, पुण्याचा आणि विज्ञान प्रदर्शनात दुसरा आलेला. पहिलं कोण आलं, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत तो आणि तळेगावची तेजल असे दोघं अंबाजीमामाकडे पवनेच्या बाजूला यायचे आणि जोडीने हिंडायचे. जोडीत ठरवायचं स्वराजने, ऐकायचं तेजलने. हा नियम कधी झाला ते तिला आठवत नव्हतं, पण या वर्षी त्याचा तिला संताप येत होता.

सोमवारी सकाळी मामाच्या मोठ्या भातखाचरात घोटाभर पाणी होतं. पाऊस जाऊन पंधरा दिवस झालेले. आदल्या दिवशी कापलेलं भात वाळायला आडवं पसरलं होतं, ते सगळं पाण्यात. वर्षभराचा खायचा तांदूळ होता तो. आपल्या घरात दुकानाचा तांदूळ कधी शिजला नाही, असं रतनबाईमामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मामाने पाण्याकडे पाहिलं आणि मग वरच्या खाचराकडे. ते महिपतीआबांचं. बांध कोरल्यावरून दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

"त्यानंच वरनं पानी सोडलं," मामा म्हणाला, आणि त्याच्यापुरता तपास संपला.

स्वराजचा सुरू झाला. त्याने वही काढली आणि बांधावरचा चपलेचा ठसा पट्टीने मोजला. माप नऊ. महिपतीआबांचं माप नऊच असणार, असं त्याने जाहीर केलं. मामाने गंभीरपणे मान हलवली. शहरातल्या पोराने पट्टी लावून मोजलेलं खोटं कसं असेल?

तेवढ्यात तेजलने पाण्यातून एक चमचमणारा तुकडा उचलला. नखाएवढा, रुपेरी.

"अभ्रक," स्वराज नीट न बघताच म्हणाला. "सह्याद्रीत सापडतं."

"चांदणीच्या आकाराचं?"

"स्फटिकांना आकार असतात. पुढच्या इयत्तेत येईल तुला."

"आणि पाण्याला वास येतोय. पंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात ना, तसा."

"तुला सर्दी झालीय."

तिला सर्दी झालेली नव्हती. तिचं नाक लाल झालं होतं ते रागाने. स्वराजने वहीत 'अभ्रक (नक्की)' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

"आरं, कुनी भात उचलून बांधावर टाकायला येतंय का?" मामी खाचरातून ओरडली. "न्हाईतर कोंब धरंल त्ये."

मामा वरून येणारं पाणी अडवायला बांधाचं तोंड बुजवत होता. स्वराज दुसरा ठसा मोजत होता. "आलेच मामी, एवढं बघते," असं म्हणून तेजल आणखी चांदण्या शोधायला लागली.

बुधवारी पुन्हा पाणी आलं. बुजवलेलं तोंड फोडून आलं. मामाने कुदळ काढली आणि दारात उभी केली. आता एकदा जरी पाणी आलं, तरी वरचा बांध सपाट करणार आणि महिपती मधे आला तर त्यालाही, असं त्याने सगळ्यांना ऐकवलं. स्वराजने ते 'पुढील कार्यवाही' या मथळ्याखाली लिहून घेतलं.

गुरुवारी तेजल एकटीच चांदण्यांच्या मागाने वर चढली. महिपतीआबा आपल्या खाचराच्या काठावर अनवाणी बसले होते. त्यांचं कापलेलं भातही पाण्यात होतं.

"तुज्या मामानं खाली तोंड बुजवलं," ते म्हणाले. "पानी माज्यात तुंबलं."

"मग त्याला विचारलं नाहीत?"

"बोलत न्हाई ना आमी."

तेजलला दोन्ही म्हाताऱ्यांना एकाच खाचरात बुडवावंसं वाटलं. त्याऐवजी ती आणखी वर गेली. महिपतीआबांच्या बांधापलीकडे तारेचं कुंपण होतं. आत सुट्टीसाठी भाड्याने देतात तसला बंगला, त्यापुढे निळा पोहायचा तलाव. कुंपणाखालून एक जाड पाइप बाहेर आलेला. त्याच्या तोंडाशी फुटका फुगा अडकला होता आणि वाढदिवसाला उधळतात तसल्या पसाभर रुपेरी चांदण्या. टीसीएलचा तोच वास.

शुक्रवारी सकाळी तिने मामाला आणि महिपतीआबांना बंगल्याच्या फाटकाजवळ झुडपाआड बसवलं. "नुसतं ऐका," ती म्हणाली. "बोलू नका. ते तुम्हाला जमतं." स्वराजही आला, तिची चूक वहीत टिपायला.

बंगल्याचा मॅनेजर विक्की गॉगल लावून खुर्चीत बसला होता. मैत्रिणीचा वाढदिवस इथे करायचाय, पण आई म्हणते असल्या तलावात आधीच्या पाहुण्यांचं शिळं पाणी असतं, असं तेजलने त्याला फार नम्रपणे सांगितलं.

विक्की उठूनच उभा राहिला. "आपल्याकडं? पार्टी बदलली की अख्खा तलाव रिकामा. सोमवारी केला, बुधवारी केला. आता पण करणार, बघ." त्याने व्हॉल्व्ह फिरवला. पाइप गुरगुरला.

"आणि हे पाणी जातं कुठे, काका?"

"जातं खाली. नुसती शेतंच तर आहेत तिकडं."

झुडपाआडून दोन माणसं उभी राहिली. सहा वर्षांनी ती पहिल्यांदा एकमेकांशी बोलली. काय बोलली ते मुलांच्या गोष्टीत छापता येत नाही, पण ते विक्कीबद्दल होतं आणि त्यावर दोघांचं पूर्ण एकमत होतं. व्हॉल्व्ह तिथल्या तिथे बंद झाला. पाण्यासाठी आवारातच खड्डा घेतो, असं बंगल्याच्या मालकाने फोनवर कबूल केलं. महिपतीआबा शेतात चप्पल घालत नाहीत आणि नऊ नंबरची चप्पल मामाचीच होती, हेही तिथेच निघालं.

"काय रे, अभ्रक का?" तेजलने विचारलं. हे वाक्य तिने सोमवारपासून जपून ठेवलं होतं.

"अभ्रकासारखं, म्हणालो होतो मी."

"वही उघड."

त्याने वही उघडली नाही. तेजलने तेच वाक्य आणखी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तिला पहिल्या वेळेइतकंच गार वाटलं.

"पोरगी लय हुशार निघाली," महिपतीआबा म्हणाले. "भाची कुनाची," मामा म्हणाला. उतारावरून तेजल आयुष्यात पहिल्यांदा स्वराजच्या पुढे चालली.

खाचरात मामी एकटीच वाकून उभी होती. तिने हातातला भाताचा मूठभर पुंजका वर करून दाखवला. प्रत्येक दाण्याला नखाएवढा पांढरा कोंब होता. सोमवारपासून तिच्याखेरीज त्या भाताला कुणी हात लावला नव्हता, आणि एकटीच्याने ते आवरलं नव्हतं.

त्या वर्षी मामाकडे तांदूळ कामशेतच्या दुकानातून आला.