पहिली पंधरा मिनिटं

रक्तपेढीच्या खिडकीशी दोघांची पहिली गाठ पडली तीच भांडणाने. बाळंतपणात फार रक्त गेल्याने तिची वहिनी पांढरीफटक पडली होती, आणि हा लॅबवाला म्हणत होता, एका नमुन्यावर रक्ताची पिशवी देणार नाही. दुसरा नमुना मी स्वतः घेणार.

"तोवर वहिनीला काही झालं तर?"

"होऊ नये म्हणूनच," म्हणत तो तिच्याआधी जिना चढलासुद्धा.

वॉर्डात त्याने वहिनीच्याच तोंडून तिचं नाव वदवून घेतलं, मग सुई टोचली. खाली रक्तपेढीत मशीन नव्हतं. पांढऱ्या फरशीचा एक तुकडा आणि त्याचे डोळे, बस्स. दोन्ही नमुन्यांचे थेंब त्याने रक्तगट ओळखायच्या औषधात कालवले. पहिला फाटलेल्या दुधासारखा दाणेदार झाला. दुसरा तसाच, एकसंध लाल.

"हे एका बाईचं रक्त नाही."

तिला सकाळ आठवली. शेजारची बाई तापाने फणफणली होती, म्हणून पंख्याखालची वहिनीची खाट त्या बाईला देऊन वहिनीला बाजूला हलवलं होतं... तिने स्वतःच. उशी नेली, बाटली नेली. खाटेला अडकवलेला वहिनीच्या नावाचा कागद तिथेच राहिला. सिस्टरने कागदावरचं नाव वाचून त्या बाईचं रक्त काढलं होतं.

"म्हणजे मी वहिनीला... मारलंच असतं?"

तो खोटं बोलला नाही. "ती पिशवी चढली असती, तर हो." मग हळूच स्टूल पुढे सरकवलं. "बसा. चढली नाही."

योग्य पिशवी लागली. रक्त चढू लागलं की पहिली पंधरा मिनिटं पेशंटला एकटं सोडायचं नसतं; काही बिघडलं तर बहुधा तेव्हाच कळतं. पण खाटा तीस, सिस्टर एक. मग तोच बसला. समोर ती, मांडीवर एका दिवसाची भाची. हिची आई आज... पुढचा विचार तिला करवेना.

"सगळ्यांजवळ बसता असे?"

"सगळ्यांजवळ. पण घड्याळ हळू चालावं, असं आजच वाटतंय."

ती बघतच राहिली. "माझा जीव इथे मुठीत आहे, आणि तुम्हाला हे सुचतं?"

"भांडा. तेवढाच तुमच्या चेहऱ्यावर रंग येतो."

वेळ संपली. वहिनीची नाडी पाहून तो उठला.

"थांबा ना..." तिच्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही आहात तोवर भीती वाटत नाही."

तो उभाच. तेवढ्यात डोळे न उघडता वहिनी पुटपुटली, "बसा की, भावोजी. अजून बरीच पिशवी बाकी आहे."

ती दचकली. तोही. पण बसला... या खेपेला तिच्या बाजूला.