मोडणीचा मान

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी कोल्हापुरातल्या प्रोग्रॅमर मंडळींची सभा भरे. व्याख्यान संपले की सर्वांत जुन्या सभासदाने वक्त्याचे ॲप्लिकेशन सर्वांदेखत मोडून पाहायचे, असा तिथला रिवाज होता. त्याला ते ‘मोडणीचा मान’ म्हणत. बारा वर्षे हा मान उद्धव कारेकरचा होता.

आज बोलत होती शर्वाणी. आयुष्यातल्या कोडच्या पहिल्या ओळी तिने उद्धवशेजारी बसून लिहिल्या होत्या.

“हे कलपान,” ती सांगत होती. “साध्या ब्राउझरमध्ये उघडतं. यात आधीपासून बटणं नसतातच. तुमची नजर कुठे रेंगाळते, बोट कुठे अडखळतं, ते कॅमेऱ्यातून पाहून तुमचा कल ताडतं आणि हवं तेवढंच समोर मांडतं. पुराच्या घाईत आजीबाईंना मेन्यू शोधायला नको.”

टाळ्या वाजल्या. उद्धवनेही वाजवल्या, तळहातांत मात्र ऊब आली नाही. नदीकाठच्या गावांना सहा वर्षे पुराची सूचना देत आलेली वेबपाने त्याची होती. मोडणीत कलपान टिकले, तर यंदापासून ती जागा तिची. ओल्या भिंतीवर रंग फुगावा तसे काहीतरी त्याच्या छातीत फुगत होते.

“चला दादा, पाडा हिला!” मागच्या रांगेतला एक सभासद, वसीम, ओरडला.

“पाडतो की,” उद्धव हसत उठला.

मर्म त्याला ठाऊक होते. पुराचा नकाशा लोड होत असतानाच मागे जायचे, लगेच पुढे यायचे. भलीभली पाने तिथे कोसळतात. तो तिच्या लॅपटॉपच्या टचस्क्रीनसमोर खुर्चीत बसला. नजर मागे जाण्याच्या बाणाकडे वळली मात्र, मोठ्या पडद्यावर एक रुंद बटण उमलले : ‘हे पान पाडायचे आहे’.

सभागृह खदखदून हसले. “पान पण ओळखतंय की दादांना!”

उद्धव हसला. हसता हसता त्याची नजर पानाच्या कोपऱ्यातल्या शर्वाणीच्या नावावर गेली आणि क्षणभर अधिक थांबली. बटणाखाली दुसरे बटण आकार घेऊ लागले : ‘शर्वाणीला पाडायचे’...

अकस्मात मोठा पडदा काळवंडला. शर्वाणी प्रोजेक्टरच्या झोतात येऊन उभी होती. तिच्या सावलीने ती ओळ झाकली होती.

“ए, बाजूला हो गं! दिसत नाही,” मागून कोणीतरी ओरडले.

“वायर अडकलीय, थांबा जरा,” ती म्हणाली. मग खाली वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्याच स्वरात, “दादा, सावकाश. मी आहे उभी.”

तिचा हा मोठेपणाही त्याला डाचला. कौशल्यात ती पुढे गेली ती गेलीच, आता क्षमाही तिच्याच हाती? बोट बाणावर होते. एक स्पर्श, आणि सहा वर्षे परत मिळाली असती. त्याने डोळे मिटले आणि हात मांडीवर घेतला. कल हरवताच दोन्ही बटणे विरून गेली.

“नाही मोडत,” तो उभा राहत म्हणाला. “घ्या हेच.”

टाळ्यांच्या गजरात शर्वाणी झोतातून बाजूला झाली. पडदा पुन्हा पांढरा, निष्पाप. ती ओळ आपल्या मनात आधीपासून होती, की पानाने लिहिल्यावर ती आपली झाली, हे उद्धवला उमगेना. उद्या नदीकाठची हजारो माणसे आपापल्या घरी या पानासमोर एकटी बसतील. त्यांच्या मनातली अशी ओळ उमटू लागेल, तेव्हा उजेडात येऊन उभे राहायला तिथे कोण असेल?